चिनी खुर्चीवाल्या बाई

आमच्या घरमालकीणबाई कोणाला नुसतं ‘बसा’ म्हणायच्या नाहीत. ‘नीट बसा’ म्हणायच्या. समोर टपालवाला असो, भाडेकरू असो, की मंठ्याहून आलेला त्यांचा सख्खा दीर असो. आणि ज्या खुर्चीवर त्या माणसाला बसवायच्या, तिच्यावर नीट बसण्यावाचून दुसरा इलाजच नसायचा.

ती खुर्ची चिनी होती. म्हणजे अशा दोन खुर्च्या होत्या, शिवाय एक चौकोनी मेज आणि एक उंच कपाट. सगळं काळ्याभोर, मणामणाच्या लाकडाचं. खिळा एकातही नाही, खाचेत खाच बसवून सगळं उभं केलेलं. खुर्च्यांच्या हातांवर आणि पाठीवर नक्षी इतकी दाट की बोट टेकायला सपाट जागा मिळायची नाही. ढग, वटवाघळं, कमळासारखी दिसणारी पण कमळं नसलेली फुलं, आणि या सगळ्यांतून वळसे घेत गेलेला एक लांबलचक प्राणी. तोंड सिंहाचं, अंग सापाचं, आणि पोटाखाली चांगले नखं काढलेले पाय. पाठीच्या मधोमध संगमरवराची गोल चकती बसवलेली होती. उन्हाळ्यात जालना तापून निघालं की बाई त्या चकतीला पाठ लावून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “चीनच्या सुताराला आपल्या हितल्या उन्हाचं कसं काय कळलं असंल गं?”

बसायला मात्र खुर्ची कडक. पाठ सरळसोट, बसायची फळी रुंद आणि गुळगुळीत, पाय टेकायला खाली एक आडवी दांडी. तिरकं रेलावं तर नक्षी टोचते, पुढं वाकावं तर घसरायला होतं. ताठ बसलं की मात्र कुठं काही लागत नाही. “या खुर्चीत माणूस पसरत न्हाई,” बाई अभिमानानं सांगायच्या. “करणाऱ्यानं तशी सोयच ठेवली न्हाई.”

दोन्ही खुर्च्या दिसायला सारख्या, पण बाईंनी त्यांना नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. थोरलीवर स्वतः बाई बसत. धाकटी आल्यागेल्यासाठी. दोघींची भांडणं होतात, असंही त्या अगदी गंभीरपणे सांगत. रात्री लाकूड करकरलं की सकाळी म्हणायच्या, “धाकटी रुसलीय. काल त्या एजंटाला बसवलं ना तिच्यावर.”

निजामाच्या राज्यातले ते दिवस. माझे वडील, दादा, स्टेशनवर मालधक्क्यावर कारकून होते, म्हणून आम्ही नवीन जालन्यात जागा शोधत होतो. बाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत असं कळलं. दादा गेले, तर बाईंनी त्यांना धाकटीवर बसवलं आणि त्यांच्याकडं बघत राहिल्या. दादा बिचारे अगदी कडेला टेकले होते.

“नीट बसा,” बाई म्हणाल्या. “भाडं मागितलं न्हाई अजून.”

दादा मागे सरकून ताठ बसले आणि आम्हाला खोल्या मिळाल्या. आमच्या आधी एक वकील येऊन गेले होते. त्यांनी बसायला उशी मागितली. त्यांना जागा मिळाली नाही.

हे सामान बाईंकडं आलं कसं, ते त्या कोणालाही, न विचारता, सांगत. त्यांचे यजमान कापसाचे व्यापारी. जुन्या छावणीतल्या बंगल्यात एक साहेब राहायचा. तो विलायतेला परत गेला तेव्हा बंगल्यातलं सामान विकायला निघालं. यजमान गेले होते एक कंदील आणायला आणि बैलगाडीभर चीन घेऊन मंठ्याला घरी आले. पुढं ते तरुणपणीच वारले. मंठ्याला सासरच्यांनी वाटणी केली, तेव्हा दिरानं जमीन ठेवली आणि जालन्याचं घर आणि हे सामान वहिनीच्या गळ्यात मारलं. सापावाघाची तोंडं असलेल्या वस्तू त्यांना घरात नकोच होत्या. अपशकुनी म्हणून त्यांनी त्या उंबऱ्याच्या बाहेर ठेवल्या होत्या.

“जमीन त्यांनी घेतली,” बाई हसून म्हणायच्या, “आणि मला बसायला दिलं. आता येत्यात की, बघून राह्यलेत, हात फिरवून राह्यलेत. म्हणत्यात, वहिनी, यातली एक तरी द्या. म्हणलं, भाऊजी, बसायला कवाबी या. न्यायला नका येऊ.”

चीन हा मुलूख हैदराबादच्या थोडा पलीकडं असावा, असा बाईंचा पक्का समज होता. दादांनी एकदा शाळेचा नकाशा आणून त्यांच्यापुढं पसरला आणि बोटानं समुद्र, डोंगर सगळं दाखवलं. बाईंनी ऐकून घेतलं.

“नकाशा कागदाचा हाय मास्तर,” त्या म्हणाल्या. दादा कारकून होते, पण चष्मा लावणाऱ्या सगळ्यांना त्या मास्तरच म्हणत. “खुर्ची खरी हाय. एवढी जड खुर्ची एवढ्या लांबून कोण आणील?”

यावर दादांनी नकाशाची गुंडाळी केली.

बाई भांडखोर होत्या, हेही सांगायला पाहिजे. पाण्यावरून त्यांचं आणि आईचं रोज वाजायचं. टांगेवाल्यांना त्यांचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. स्वतःची चूक त्यांनी कधी कबूल केल्याचं मला आठवत नाही. पण त्या खुर्च्यांसमोर बसल्या की त्यांचा हात लेकराच्या अंगावरून फिरावा तसा फिरायचा. कडुनिंबाची काडी चावून तिचा कुंचला करायचा, जवसाच्या तेलात जरासा बुडवायचा, आणि नक्षीच्या एकेका वळणातून धूळ काढत जायचं. हे काम त्या कोणाला करू देत नसत. मला दिलं.

त्याचं कारण माझा पाय. लहानपणी मोठा ताप येऊन माझा उजवा पाय वाढीत मागे राहिला. मी लंगडत चालायचे, आणि कोणी परकं माणूस दारात आलं की आई मला आत पिटाळायची. बाईंनी ते काही दिवस बघितलं. एक दिवस ओसरीवरून मोठ्यानं हाक मारली, “ए पोरी, आत काय अंधारात करून राह्यली? भाईर ये. माझ्या धाकटीच्या कानात धूळ गेलीय.” आई काही बोलायच्या आत माझ्या हातात कडुनिंबाची काडी होती. त्या दिवसापासून मी रस्त्याला दिसेल अशी ओसरीवर बसू लागले.

नागपंचमीला तर आमच्या ओसरीवर जत्रा भरायची. गल्लीतल्या बायकांना खुर्चीवरचा तो प्राणी नाग वाटला होता, आणि एवढा नक्षीदार नाग दारात असताना वारुळापर्यंत चिखल तुडवत कोण जातंय? दूध आणि लाह्या घेऊन सगळ्या इथंच यायच्या. बाईंची अट एकच, दूध लाकडाला लागता कामा नये, वाटी खाली ठेवायची. एका वर्षी एक भटजी वाटेत थांबले आणि म्हणाले, “अहो, हा नाग नव्हे. नागाला पाय असतात का?”

“तुमच्या नागाला नसतील,” बाई थोरलीवरून म्हणाल्या. “ह्यो चीनहून चालत आलाय. पाय नकोत का त्याला?”

भटजींनीही लाह्यांचा प्रसाद घेतला.

एकदा दौऱ्यावरचे कोणी बडे अंमलदार जालन्याला आले होते. त्यांच्या मुक्कामाला सामान लागायचं, आणि ते लोकांच्या घरांतून उचलायचा त्या वेळचा रिवाजच होता. कोणाची खाट जायची, कोणाची समई, कोणाचा गालिचा. त्यातलं परत किती यायचं ते न विचारलेलं बरं. दोन चपराशी बाईंच्या दारात आले. म्हणाले, सरकारी काम आहे, खुर्च्या द्या, जल्दी.

“साहेबाला बसायचं असंल तर साहेबानं हितं यावं,” बाई म्हणाल्या. “माझ्या खुर्च्या फिरायला जात न्हाईत.”

दादा आतून हातवारे करून त्यांना गप्प बसायला सांगत होते. गल्लीतली दारं पटापट लागली. चपराशी गेले, आणि संध्याकाळी खरंच साहेब आले! वयस्क, शेरवानीतले, हातात छडी. आम्हाला वाटलं, आता बाईंची वरात ठाण्यावर निघते. साहेबांनी चष्मा नाकावर सरकवून खुर्ची वरपासून खालपर्यंत पाहिली आणि हळूच म्हणाले, “ये तो असली चीनी काम है.”

“हौ साब,” बाई म्हणाल्या. “बिलकुल चीनी. नीट बैठो.”

साहेब धाकटीवर नीट बसले. बाई थोरलीवर बसल्या. डोक्यावर पदर, हात नक्षीवर, मान ताठ. कापसाच्या व्यापाऱ्याची एक विधवा बड्या अंमलदारासमोर बरोबरीनं खुर्चीवर बसलेली आमच्या गल्लीनं त्या दिवशी पाहिली. साहेब चहा पिऊन, खुर्चीच्या हातावरून एकदा तळवा फिरवून निघून गेले. आम्ही बाईंच्या घरात राहतो, हे सांगताना त्यानंतर कितीतरी दिवस माझी छाती फुगायची.

माझं वय लग्नाचं झालं होतं, खरं म्हणजे त्या काळाच्या मानानं उलटूनच चाललं होतं. मला बघायला पुष्कळ जण येऊन गेले. दर वेळी तेच. मी पोह्यांचं ताट घेऊन माजघरातून चार पावलं चालत यायचे, मान खाली घालून पाटावर बसायचे, आणि तेवढ्या चार पावलांतच काम झालेलं असायचं. मग निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. माझी पत्रिका अख्ख्या मराठवाड्यात कोणाशीच जुळेना.

मग शहागडचं स्थळ आलं. मुलगा अंबडच्या शाळेत मास्तर. वडील नाहीत, घरचा कारभार चुलत्याकडं. मध्यस्थानं दादांना बजावून सांगितलं होतं, की पायाचं आधी बोलू नका, ठरलं की बघू. आईनं तर सगळी योजनाच आखली. पाहुणे यायच्या आधीच मला बाईंच्या धाकटीवर बसवून ठेवायचं. पाय आडव्या दांडीवर, त्यावर लुगड्याच्या निऱ्या. पोहे दुसऱ्या कोणी आणायचे. पाहुणे गेल्यावर मी उठायचं. या योजनेसाठी आई पाण्याचं भांडण विसरून बाईंकडं खुर्ची मागायला गेली.

“दिली,” बाई म्हणाल्या. “पण बघणं माझ्या बैठकीत हुईल, आणि माझ्या रीतीनं. पोरगी धाकटीवर, मी थोरलीवर. पाव्हणे सतरंजीवर.”

आईचा चेहरा पडला. मुलीकडच्यांनी वर बसायचं आणि वरपक्षानं खाली? त्यात शुभकार्यात समोर विधवा? पण गरज आईला होती. ती हो म्हणून उठली.

ती गेल्यावर बाईंनी मला जवळ बोलावलं. “खरं सांग पोरी. तुला बसायचंय का लपायचंय?”

मी काडी घेऊन नक्षीतली धूळ काढायला लागले.

“लपायचं असंल तर त्या कपाटात जाऊन बस. चांगलं मोठं हाय. खुर्ची त्याच्यासाठी न्हाई.”

मला त्यांचा राग आला. बोलायला यांचं काय जातंय, असं वाटलं. दादांचा ओढलेला चेहरा मी रोज बघत होते. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नव्हतं, हे मलाही कळत होतं.

ठरल्या दिवशी ओसरीवरच्या दोन्ही खुर्च्या आत बैठकीत नेल्या होत्या. टांगा दाराशी थांबला. चुलते, मुलगा आणि मुलाची आई उतरले. मुलाच्या आईनं पदर कपाळाखाली ओढलेला होता. दिरासमोर त्या बैठकीत आल्याच नाहीत, आतल्या दाराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या. चुलत्यांनी खोलीत नजर फिरवली.

“आमी खाली बसायचं?”

“सतरंजी नवी हाय,” बाई म्हणाल्या. “नीट बसा.”

चुलते उभेच राहिले असते, पण मुलगा आधीच मांडी घालून बसला होता. मग तेही बसले.

त्या दिवशी मला एक नवलच वाटलं. आजवर मला बघायला आलेल्यांचे मी फक्त पायाचे अंगठे पाहिले होते. त्या खुर्चीत मान खाली घालून फार वेळ बसताच येईना, म्हणून मी वर पाहिलं. चुलत्यांच्या कानांवर केस होते. मुलाचा सदरा कोपरावर रफू केलेला होता, आणि माझ्याकडं बघताना तोच लाजत होता. चुलत्यांनी विचारलं, वाचता येतं का, स्वयंपाक येतो का. मी उत्तरं दिली, आणि माझा आवाज मलाच मोठा आणि स्वच्छ वाटला.

खुर्च्यांचा रुबाब चुलत्यांच्या मनात भरला असावा. पोहे संपवून ते दादांना म्हणाले, “आम्हाला पसंत हाय म्हणा. सुपारी फोडायला हरकत न्हाई.”

दादांचा चेहरा असा उजळला की मला अजून आठवतो. सुपारीचं ताट समोरच्या कपाटात होतं. आई उठायला लागली. बाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मीच उठले.

आईनं मला बारीक बारीक पावलं टाकायला शिकवलं होतं, म्हणजे लंगडणं कमी दिसतं. मी तसं चालले नाही. माझी जशी चाल आहे तशी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, कपाट उघडलं, ताट घेतलं, तशीच परत आले. ताट चुलत्यांसमोर ठेवलं आणि धाकटीवर जाऊन बसले.

“हे आम्हाला कोणी सांगितल्तं न्हाई,” चुलते दादांना म्हणाले. दादांनी मान खाली घातली.

“आता कळलं न्हवं?” बाई म्हणाल्या. “जिचा पाय हाय तिनंच दाखवला. आणखी कोणी सांगायला पाहिजे हुतं?”

“फसवणूक हाय ही!” चुलत्यांनी ताट सरकवलं आणि उभे राहिले. “चल रे, ऊठ.”

मुलगा अर्धवट उठला आणि आतल्या दाराशी बसलेल्या आईकडं बघायला लागला. आई तोंडात पदर घालून रडत होती. मलाही रडू फुटत होतं, पण त्या खुर्चीत रडायलासुद्धा वाकता येत नाही. मी ताठ बसून राहिले, आणि मनातून मला भीतीपेक्षा मोकळं जास्त वाटत होतं. मी कोणाला फसवलं नव्हतं.

तेवढ्यात उंबऱ्याशी बसलेल्या त्या माउली उठल्या आणि बैठकीत आल्या. दिरासमोर, सगळ्या पुरुषांसमोर. बाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि थोरलीवरून उठून बाजूला झाल्या. माउली तिच्यावर बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. कपाळावरचा पदर मागे सारला.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “सून बघाया मी आल्ते. तुमाला जल्दी असंल तर टांगा घेऊन जा.”

चुलत्यांना हे कोण बोललं तेच क्षणभर कळलं नसावं. त्यांनी पुतण्याकडं पाहिलं. पुतण्या पुन्हा मांडी घालून बसला होता. चुलते पायात जोडा घालून निघून गेले, आणि टांगा गेल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

माउली माझ्याकडं वळल्या. “पोरी, चालताना पाय दुखतो का गं?”

हे मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. “थंडीत दुखतो,” मी म्हटलं.

“मंग शहागडला नगं. गोदेच्या काठाला थंडी लई पडती.” त्या मुलाकडं बघून म्हणाल्या, “तू अंबडातच बिऱ्हाड कर. मी येत जाईन.”

माझ्या सासूबाई त्या अशा. पण त्या दिवशी अजून एक अडचण राहिली होती. सुपारी कोणी फोडायची? वरपक्षाचा वडीलधारा पुरुष टांग्यात बसून गेलेला. दादा अडकित्ता हातात घेऊन नुसते बघत होते. सासूबाईंनी बाईंकडं बोट केलं.

“तुमी फोडा.”

“मी?” बाईंचा आवाज मी तेवढा बारीक कधी ऐकला नव्हता. “अहो, मी... मला न्हाई चालत.”

नवरा गेल्यापासून बाईंना एकाही लग्नात पुढं येऊ दिलं नव्हतं, सख्ख्या पुतणीच्या हळदीलासुद्धा माघारी पाठवलं होतं, हे मला फार पुढं कळलं.

“मला बी न्हाई चालत,” सासूबाई थोरलीवरून म्हणाल्या. “म्हणूनच म्हणते, तुमी फोडा.”

बाई सतरंजीवर बसल्या. दादांनी अडकित्ता दिला. अंमलदारासमोर न डगमगलेल्या त्या बाईच्या हातून सुपारी पात्यांतून निसटून गेली. ती आईनं उचलून आणली आणि, पाण्यावरून रोज भांडणाऱ्या माझ्या आईनं, बाईंच्या हाताखाली आपला हात धरला. सुपारी फुटली. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि आमच्या सगळ्यांवर खेकसल्या, “बघून काय राह्यलाय? लई टणक हाय मेली. चिनी दिसती.”